इलेक्ट्रिक आर्चटॉप अँपशिवाय इतकी हळू का वाजते, त्यामागची पार्श्वभूमी

जॅझ गिटार घ्यायचा विचार करणारे बरेच जण हा प्रश्न विचारतात, की गिब्सन कंपनीच्या ईएस-१७५ सारखी इलेक्ट्रिक आर्चटॉप, म्हणजे वरची फळी (टॉप) फुगीर असलेली गिटार, अँपला (अँप्लिफायरला) न लावता वाजवली तर आवाज किती येतो. बघायला गेलं तर बॉडी चांगली खोल, आतून पूर्ण पोकळ, वर व्हायोलिनसारखी f आकाराची भोकं (एफ-होल), त्यामुळे वाटतं की साध्या अकूस्टिक गिटारइतका तरी आवाज यायलाच पाहिजे. आणि मग हातात घेऊन वाजवली की कळतं, स्वतःला खोलीत नीट ऐकू येतं, पण शेजारी कोणी गप्पा मारत असेल तर निम्मं वाजवलेलं त्यातच बुडून जातं. अनेकांना वाटतं गिटारमध्येच काहीतरी गडबड आहे. तसं अजिबात नाहीये, हा आवाज मुद्दाम कमी केला गेलाय, आणि तो का केला हे समजायला थोडं मागे जावं लागतं, कारण ही गिटार मुळात जन्मालाच आली होती ती सगळ्यात मोठा आवाज काढायला.

अमेरिकेत मिशिगनमधल्या कलामझू गावात ऑर्व्हिल गिब्सन नावाचा कारागीर १८९० च्या दशकात मँडोलिन आणि गिटारचे टॉप सपाट न ठेवता व्हायोलिनसारखे कोरून फुगीर करायला लागला. मँडोलिनच्या या पद्धतीचं पेटंट त्याला १८९८ मध्ये मिळालं, १९०२ मध्ये कंपनी निघाली. पण आज आपण जिला आर्चटॉप म्हणतो ती खऱ्या अर्थाने आली १९२२ मध्ये, लॉइड लोअर हा इंजिनियर गिब्सनमध्ये असताना, एल-५ या मॉडेलने. स्प्रूसचा कोरलेला टॉप, एफ-होल, आणि तारा घोडीवरून जाऊन मागे बॉडीच्या टोकाला लावलेल्या टेलपीसला बांधलेल्या, म्हणजे तारांचा दाब सरळ खाली टॉपवर. या रचनेत स्वर फार वेळ टिकत नाही, पण सुरुवातीचा फटका एकदम करारी येतो आणि मधल्या पट्टीतला आवाज गर्दीतून आरपार जातो.

त्या काळात डान्स बँडमध्ये ताल धरायला बँजो असायचा, साधं कारण म्हणजे त्याचा मोठा आवाज. १९२५ पासून मायक्रोफोन वापरून रेकॉर्डिंग सुरू झालं आणि गिटारला संधी मिळाली, एडी लँगसारख्या वादकाने ती गाजवली, आणि हळूहळू बँजो मागे पडला. पुढे बँड मोठे होत गेले, चार ट्रंपेट, तीन-चार ट्राँबोन, पाच सॅक्सोफोन, आणि त्यांच्यामध्ये बसलेला एक गिटारवाला. मग काय, कंपन्यांची शर्यतच लागली. एल-५ सुरुवातीला १६ इंच रुंद होती ती १७ झाली, १९३४ ला गिब्सनने १८ इंची सुपर ४०० काढली (किंमत ४०० डॉलर, म्हणून ते नाव), लगेच एपिफोनने साडेअठरा इंची एम्परर आणली, बॉस्टनच्या स्ट्रॉमबर्ग बापलेकांनी तर थेट १९ इंचापर्यंत मजल मारली, आणि न्यूयॉर्कमध्ये जॉन डी'अँजेलिको आपल्या छोट्या दुकानात हाताने एकेक गिटार घडवत होताच. काउंट बेसीच्या बँडमधला फ्रेडी ग्रीन १९३७ पासून १९८७ मध्ये जाईपर्यंत हेच करत राहिला, अँप नाही, तारा जाड आणि फिंगरबोर्डपासून चांगल्या उंच, आणि दर मात्रेला एक स्ट्रोक. माझ्या मते अकूस्टिक आर्चटॉप म्हणजे काय हे ऐकायचं असेल तर त्याच्यासारखं दुसरं उदाहरण नाही.

पण इतक्या मोठ्या बँडमध्ये अँपशिवाय सोलो वाजवणं अवघडच होतं. १९३६ मध्ये गिब्सनने ईएस-१५० काढली, दीडशे डॉलरमध्ये गिटार, अँप आणि केबल, आणि १९३९ मध्ये चार्ली क्रिश्चन बेनी गुडमनच्या बँडमध्ये आला तेव्हा याच गिटारवर त्याने सॅक्सोफोनसारखे लांब सोलो वाजवून दाखवले. १९४२ मध्ये तो गेला तेव्हा फक्त २५ वर्षांचा होता, पण तोपर्यंत गिटारवाल्यांचं जग बदललं होतं. या ईएस-१५० चा टॉप अजून अखंड स्प्रूसचाच होता, फक्त त्याला भोक पाडून जड लोहचुंबकांचा पिकअप (तारांची थरथर पकडून अँपला पाठवणारा भाग) स्क्रूने लटकवलेला. म्हणजे आवाज कमी व्हायची सुरुवात इथेच झाली, कारण टॉपवर वजन आलं आणि ज्या भागाने मोकळं थरथरायचं तिथेच भोक पडलं.

खरी अडचण मात्र फीडबॅकची. अँपचा आवाज वाढवला की स्पीकरमधून येणारी हवा टॉपला हलवते, टॉप तारांना हलवतो, पिकअप ते पकडून परत अँपला पाठवतो, आणि चक्र सुरू होऊन घूंऽऽऽ असा आवाज सुटतो, विशेषतः खालच्या पट्टीतल्या काही स्वरांना. म्हणजे बघा, ज्या गुणामुळे टॉप हॉल भरून टाकायचा तोच गुण आता त्रासाचा झाला. जितका टॉप हलका आणि मोकळा तितका अँपशिवाय आवाज मोठा, आणि तितकाच फीडबॅक लवकर. दोन्ही एकाच वेळी मिळत नाही, आणि या प्रश्नाचं निम्मं उत्तर या एकाच गोष्टीत आहे.

गिब्सनने बाजू निवडली. दुसऱ्या महायुद्धानंतर इलेक्ट्रिक मॉडेलना कोरलेल्या स्प्रूसऐवजी मेपलचे पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवून साच्यात दाबलेला टॉप यायला लागला. १९४७ ची ईएस-३५० अशीच, आणि १९४९ ला आली ईएस-१७५, किंमत १७५ डॉलर. थरांचा टॉप कडक असतो, कमी हलतो, वर तो करायला स्वस्त आणि तडकतही नाही. स्केलही (म्हणजे तारेची वाजणारी लांबी) एल-५ पेक्षा पाऊण इंचाने छोटी, त्यामुळे त्याच तारांना ताण कमी. आणि काय गंमत आहे बघा, याच "कमी" गिटारवर जिम हॉल आणि जो पास या जॅझ गिटारवाल्यांनी कितीतरी वर्षं काम केलं. जो पासचं १९७३ चं एकट्याने वाजवलेलं रेकॉर्डिंग, व्हर्च्युओसो, कान देऊन ऐकलं तर तारांचा कोरडा, खरखरीत अकूस्टिक आवाज त्यात स्पष्ट ऐकू येतो, आणि मला तरी तो फार आवडतो.

महागड्या गिटारनाही हेच लागू झालं. १९५१ मध्ये एल-५ आणि सुपर ४०० च्या इलेक्ट्रिक आवृत्त्या आल्या, एल-५सीईएस आणि सुपर ४००सीईएस. टॉप कोरलेला स्प्रूसचाच, पण आधीपेक्षा जाड ठेवलेला, आतल्या पट्ट्याही दणकट, आणि त्यात दोन पिकअप कापून बसवलेले. जॅझ गिटारवाला वेस माँटगोमेरी अंगठ्याने वाजवायचा तो जाड, उबदार आवाज या एल-५सीईएसचा.

ज्यांना टॉपला हात लावायचा नव्हता त्यांच्यासाठी वेगळा रस्ता होता, तरंगता पिकअप. ओहायोतल्या टोलीडोचे डीआर्मंड पिकअप टॉपला न चिकटता फिंगरबोर्डच्या टोकाशी किंवा पिकगार्डजवळ लटकायचे, त्यामुळे अकूस्टिक गिटार अकूस्टिकच राहायची. १९६१ मध्ये गिब्सनने जॅझ गिटारवाला जॉनी स्मिथच्या नावाने जी गिटार काढली तिच्यातही हेच तत्त्व. फीडबॅकचा धोका अर्थातच इथे जास्त, म्हणून अशा गिटार शांत हॉलमध्ये आणि स्टुडिओत जास्त शोभतात. उलट दिशेला १९५८ ची ईएस-३३५ गेली, पातळ बॉडी आणि मधोमध मेपलचा अखंड ठोकळा, फीडबॅक खूपच आटोक्यात पण अँपशिवाय आवाज सॉलिड बॉडीपेक्षा (म्हणजे आतून पूर्ण भरीव गिटारपेक्षा) जेमतेम जास्त.

तर सगळ्यात हळू सॉलिड बॉडी, मग ईएस-३३५ सारख्या, मग ईएस-१७५ सारखी थरांची खोल गिटार, मग एल-५सीईएस, मग तरंगत्या पिकअपवाली कोरीव गिटार, आणि सगळ्यात वर १९३० च्या दशकातली शुद्ध अकूस्टिक. मार्टिनच्या मोठ्या सपाट-टॉप गिटारचा भरलेला बास यातल्या कुठल्याच गिटारकडून अपेक्षित धरू नका, तो या रचनेचा स्वभावच नाही. तारांनी पण बराच फरक पडतो. फ्लॅटवाउंड तारांनी (वर सपाट पट्टी गुंडाळलेल्या) आवाजाची झिलई कमी होते, ब्राँझच्या तारांनी अकूस्टिक आवाज खुलतो पण चुंबकी पिकअपला त्यातली फक्त आतली स्टीलची तार नीट कळते, त्यामुळे अँपवर जाड तारा दबलेल्या आणि वरच्या दोन साध्या स्टीलच्या तारा अंगावर येणाऱ्या वाटतात. म्हणून बहुतेक लोक निकेल किंवा मोनेलच्या (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूच्या) तारांवर येऊन थांबतात.

जुनी गिटार बघायला गेलात तर फक्त एल-५ हे नाव ऐकून आवाजाचा अंदाज बांधू नका. १९३८ ची एल-५ आणि १९५८ ची एल-५सीईएस एकाच घराण्यातल्या आहेत, पण पहिलीचा टॉप बँडमध्ये ऐकू जावा म्हणून कोरलाय आणि दुसरीचा अँपसमोर गप्प बसावा म्हणून, त्यामुळे आधी पिकअप टॉपमध्ये कापून बसवलाय की वर तरंगतोय ते बघा, मग एफ-होलच्या कडेला टॉपचे थर दिसतायत का ते बघा, आणि मगच वाजवून बघा.