राष्ट्रीय माध्यमांतील मराठवाडा

दिल्ली-नोएडातून चालणाऱ्या हिंदी-इंग्रजी वृत्तवाहिन्या आणि बडी इंग्रजी दैनिके मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांकडे केव्हा वळतात आणि वळल्यावर काय दाखवतात, याची ही नोंद आहे. वणवा, देशातले राजकारण आणि जगातल्या घडामोडी या तिन्हींत त्यांची तऱ्हा काय असते, तेही इथे आहे.

इथली पत्रकारिता मुळात ‘राष्ट्रा’बाहेर जन्मली. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये ‘मराठवाडा’ हे पत्र सुरू केले, तेव्हा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पत्रावर बंदी आली की ते नाव बदलून निघे. पुढे अनंत भालेराव यांच्या संपादनाखाली ते या भागाचा आवाज बनले. दिल्लीच्या पत्रांना मात्र मराठवाडा ठळकपणे दिसला तो ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपानंतर. गणेश विसर्जनाची ती रात्र होती. हजारो माणसे मातीच्या भिंतींखाली गेली आणि देशोदेशीचे वार्ताहर लातूर-उस्मानाबादच्या वाटेला लागले. तेव्हापासून ‘लातूर’ म्हटले की आपत्ती, हे समीकरण पक्के बसले.

२०१६ च्या पाणीटंचाईने ते आणखी घट्ट केले. मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे पोहोचली: दहा वाघिणी (रेल्वेचे टाकी-डबे), पाच लाख लिटर. फलाटावर पाण्यापेक्षा कॅमेरे जास्त, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही. शहराची लोकसंख्या चार लाखांच्या आसपास, म्हणजे माणशी लिटर-सव्वा लिटर. हा साधा भागाकार पडद्यावर क्वचितच झाला. पुढे पन्नास वाघिणींची गाडी आली तरी माणशी सहा-सात लिटरच पडत. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर गेले. मैदानावर मारायच्या पाण्याची चर्चा मग प्राइम टाइमला रंगली. ऊस किती पाणी पितो आणि तो लातूरकडच्या मांजरा नदीच्या खोऱ्यात का वाढला, हे प्रश्न त्या मानाने मागे राहिले. सप्टेंबर २०२५ मध्ये बीड, धाराशिव, लातूर, नांदेडमध्ये अतिवृष्टीने उभी पिके आणि माती दोन्ही वाहून गेली. ‘दुष्काळी मराठवाडा’ हे विशेषण ज्यांच्या तोंडी बसलेले, त्यांची तेव्हा चांगलीच पंचाईत झाली.

वणव्याची गोष्ट वेगळी. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या आसपास वणवे भडकले तेव्हा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड गावी चहाच्या टपरीवरही तिथल्या पॅलिसेड्स भागातली जळती घरे दिसत होती. त्याच कन्नड तालुक्यात गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे. फेब्रुवारी ते मे या काळात तिथले गवत वाळून कोरडेठाक झालेले असते. नवे गवत लवकर फुटावे म्हणून कोणी काडी लावतो, कोणाची विडी पडते, बांधावरचा पेटवलेला पालापाचोळा वाऱ्याने डोंगरात शिरतो. वनरक्षक आणि हंगामी मजूर हिरव्या फांद्यांनी झोडपून आग विझवतात. आधी काढलेली जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, चांगली साफ असेल तर निम्मे काम सोपे होते. अशा आगीची बातमी तालुका वार्ताहराच्या चार ओळींपुढे सहसा जात नाही. यात कोणाचा आकस नाही. अमेरिकेतली दृश्ये वृत्तसंस्थांकडून तयार येतात. डोंगरावरची आग मोबाइलवर टिपायला माणसाला दोन तास चढावे लागते, आणि तिथे रेंज नसते. घरे जळत नाहीत, म्हणून आकडाही नसतो. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून आगीचे इशारे देते. त्यातला एक संवेदक ३७५ मीटरच्या चौकटीत उष्णता टिपतो. दिल्लीतल्या वाहिन्यांना न दिसणारा वणवा अंतराळातून दिसतो, असा हा प्रकार. बीडजवळ पालवण येथे अभिनेते सयाजी शिंदे यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली सह्याद्री देवराई पेटली तेव्हा मात्र बातमी जिल्ह्याबाहेर गेली. झाडांमागे ओळखीचा चेहरा होता.

राजकारणातही दाखवण्याजोगे दृश्य मिळाले की कॅमेरे वळतात. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीतला मनोज जरांगे-पाटील यांच्या मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणाचा मांडव देशाला दिसला तो १ सप्टेंबर २०२३ च्या लाठीमारानंतर. पुढची दोन वर्षे चर्चा बहुतेक मतांच्या गणिताची झाली. मराठवाड्यातल्या मराठ्यांच्या कुणबी नोंदींसाठी निजामकाळातले हैदराबाद गॅझेट का लागते, हे समजायला १७ सप्टेंबर १९४८ पूर्वी इथे राज्य कोणाचे होते हे सांगावे लागते. ते सांगायला तीस सेकंदांची बाइट पुरत नाही. हे गॅझेट लागू करणारा २ सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णय निघाला तेव्हाही कॅमेरे मुंबईच्या आझाद मैदानावर, जरांगे यांच्या उपोषणापाशी होते. त्या नोंदी मात्र तहसीलच्या जुन्या दप्तरांत शोधल्या जात होत्या, आणि त्यातल्या कित्येक मोडी-उर्दूत.

जागतिक घडामोडी मराठवाड्यात भावातून वाचल्या जातात. इंडोनेशियाने एप्रिल २०२२ मध्ये पामतेलाची निर्यात थांबवली, तेव्हा वाहिन्यांवर ती स्वयंपाकघरातल्या महागाईची बातमी होती. लातूर बाजार समितीत ती सोयाबीनच्या भावाची. त्याआधी २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेले होते आणि ऑगस्टमध्ये केंद्राने बारा लाख टन सोयापेंड आयातीला मुभा दिली. १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ होते. अमेरिकेने तेव्हा भारतीय मालावर लावलेल्या ५० टक्के टॅरिफवर स्टुडिओत मुत्सद्देगिरीचा खल चालला होता. जालना-परभणीच्या कापूसवाल्याला त्यातली एकच ओळ हवी होती: खरेदी केंद्र कधी उघडणार आणि त्या हंगामाचा क्विंटलला ८,११० रुपयांचा हमीभाव ओल किती धरून मिळणार.

लातूरच्या आडतीत भिंतीवर टीव्ही असतो. त्यावर युद्धाचा नकाशा, तज्ज्ञांचे आठ चौकोन आणि खाली लाल पट्टी. सौदा निघायची वेळ झाली की मुनीम रिमोटने आवाज बंद करतो. व्हॉट्सअॅपवर सोयाबीन तेलाच्या प्लांटचा भाव आलेला असतो, आणि काट्याजवळचे शेतकरी त्याच्या फोनभोवती गोळा होतात.