व्हिटॅमिन सी, ग्लुटाथिऑनच्या ड्रिपला येताय? आधी जी६पीडीचा रिपोर्ट पाठवा

लग्नसराई आली की आमच्या क्लिनिकमध्ये हाच वाद चालू. व्हिटॅमिन सी किंवा ग्लुटाथिऑन (हेही एक अँटिऑक्सिडंट, म्हणजे पेशींना जपणारं द्रव्य) शिरेतून घ्यायला लोक चोपड्याहून, शहाद्याहून एसटीने येतात, हळद दोन दिवसांवर आलेली असते आणि काउंटरवर म्हणतात, भाऊ रिपोर्ट नाही पण मला कसलाच त्रास नाही, लावून टाका. आम्ही लावत नाही. मग त्यांचं भाडं वाया, आमचा बेड रिकामा, आणि वरून बोलणी आम्हालाच.

जी६पीडी हे लाल पेशींना सांभाळणारं एन्झाइम. काहींच्यात ते जन्मतःच कमी असतं, पुरुषांमध्ये जास्त दिसतं, आणि गंमत म्हणजे माणूस चाळिशीपर्यंत ठणठणीत असतो, म्हणून "मला त्रास नाही" याला इथे अर्थ नाही. व्हिटॅमिन सी शिरेतून मोठ्या डोसात गेलं की अँटिऑक्सिडंट म्हणून घेतलेलं औषधच उलटं वागतं, पेरॉक्साइड तयार होतं आणि अशा माणसाच्या लाल पेशी फुटायला लागतात. लघवी कोऱ्या चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात, दम लागतो. गोळीने एवढं होत नाही कारण पोट ठराविकच शोषतं. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या लोकांनी घरात कुणाला सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर तेही सांगा, लपवू नका.

सोबत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, लागते. व्हिटॅमिन सी-चं शरीरात ऑक्सलेट नावाचं द्रव्य बनतं आणि किडनी आधीच कमजोर असेल तर ते तिथेच साचतं.

शुगरवाल्यांनी नीट वाचा. मोठ्या डोसनंतर काही तास घरचं ग्लुकोमीटर खोटी जास्त शुगर दाखवू शकतं. तो आकडा बघून इन्सुलिन घेतलं तर शुगर एकदम खाली जाईल. त्या दिवशी लॅबमध्येच तपासा.

ऑनलाइन मागवलेली वायल (इंजेक्शनची बाटली) आम्ही लावत नाही. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ ला टेकतो, त्यात ती कुरिअरच्या गाडीत किती वेळ तापली कुणाला माहीत. आणि गोरं होण्यासाठी ग्लुटाथिऑन मागणाऱ्यांना आम्ही तोंडावर सांगतो की फिलिपिन्सच्या एफडीएने (तिथल्या सरकारी औषध खात्याने) याबद्दल २०११ मध्येच इशारा दिलाय, गंभीर रिअ‍ॅक्शन येऊ शकते. बऱ्याच जणांना आम्ही नाहीच म्हणतो, त्यात आमचा धंदा जातो तो जाऊ दे.

सलाईनची चकरी नातेवाईकांनी फिरवू नये. बस चुकेल म्हणून ड्रिप फास्ट करता येत नाही, सुरुवातीला हळूच सोडतो, सिस्टर बाजूला बसलेली असते, रिअ‍ॅक्शनची इंजेक्शनं ट्रेमध्ये तयार असतात आणि संपल्यावर अर्धा तास थांबवतो. दुसरीकडे स्वस्तात होतं म्हणतात, तिथे हे सगळं आहे का ते बघून घ्या.

जी६पीडी बहुतेकांना आयुष्यात एकदाच करावं लागतं, दरवेळी नाही. पण नुकतंच रक्त चढवलं असेल तर आधी सांगा, रिपोर्ट चुकीचा नॉर्मल येऊ शकतो. सॅम्पल आमच्याकडेही घेतो, रिपोर्ट आला की व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो आणि मगच तारीख देतो, त्यामुळे लग्नाच्या आठ-दहा दिवस आधी या. या टेस्टना उपाशी राहावं लागत नाही, नाश्ता करून या.