हात कुठे उडतो, कुठे अडखळतो

कवटी उघडलेली आणि रुग्ण जागा! ऐकूनच अंगावर काटा येतो. मेंदूतली गाठ काढताना हात हलवणारी जागा कापली जाऊ नये, म्हणून ती आधी शोधायला कधीकधी असं करतात. पण मेंदूला स्वतःला दुखत नाही. दुखतं ते कातडीला आणि मेंदूवरच्या आवरणाला, आणि तिथे भूल दिलेली असते.

सर्जन दोन टोकांची बारीक सळई मेंदूवर अलगद टेकवतो. सेकंदाला विजेचे पन्नास-साठ झटके, तेही जेमतेम काही मिलिअँपिअरचे. रुग्णाचा अंगठा टुणकन उडतो. तेवढ्या जागेवर आकडा लिहिलेला कागदाचा चिमुकला तुकडा ठेवायचा आणि सळई पुढे सरकवायची. (यात कधीकधी फिटही येते. मग मेंदूवर बर्फासारखं गार सलाइन ओततात.)

माँट्रियलचे मेंदूचे सर्जन वाइल्डर पेनफिल्ड यांनी एडविन बोल्ड्री यांच्यासोबत अशाच नोंदींवरून १९३७ मध्ये मेंदूचा नकाशा मांडला, कुठल्या जागेने शरीराचा कुठला भाग हलतो याचा. त्यात पाठ-पोटाच्या वाट्याला चिंचोळी पट्टी आणि हाताला ऐसपैस जागा. मग हा नकाशा असताना प्रत्येक वेळी नव्याने शोधायचं कशाला? कारण गाठ आजूबाजूच्या भागाला ढकलते, आणि कवटी उघडली की मेंदू थोडा सरकतो. आदल्या दिवशीचा एमआरआयही मग तंतोतंत जुळत नाही.

मला खरी गंमत वाटते ती न हलणाऱ्या जागांची. हात निवांत पडलेला असताना तिथे झटका दिला तर काहीच घडत नाही. जागा रिकामी समजून कापली, तर पुढे मुठीत जोर असूनही शर्टाचं बटण लागत नाही. म्हणून मिलानमधल्या डॉक्टरांनी रुग्णाच्या चिमटीत स्क्रूसारखी फिरणारी एक छोटी दांडी दिली. न बघता ती फिरवत राहायची. झटक्याने अंग हलवणाऱ्या मेंदूच्या पट्टीच्या थोडं पुढे सळई टेकली की बोटं अडखळतात, घसरतात, कधी जागीच थिजतात. सळई उचलली की दांडी पुन्हा फिरू लागते.

२०१२ मध्ये ९० अभ्यासांमधल्या ८,०९१ रुग्णांची आकडेवारी एकत्र तपासली गेली. कायमचं गंभीर अपंगत्व असा नकाशा न काढता ८.२ टक्के रुग्णांना आलं होतं, नकाशा काढून ३.४ टक्क्यांना.

गाठ खोल गेलेली असेल तर हाताकडे जाणाऱ्या तंतूंचाही माग काढावा लागतो. तिथे एकाच टोकाची सळई वापरतात आणि ढोबळ हिशेब असतो, एक मिलिअँपिअर म्हणजे एक मिलिमीटर. दहा मिलिअँपिअरला अंगठा हलला तर अजून जागा आहे. तीनलाच हलला, की बरेच सर्जन त्या बाजूचं सक्शन, म्हणजे गाठ शोषून काढणं, थांबवतात, गाठीचा तुकडा तिथे दिसत असला तरी.