मोटरचे शटर : आयुष्य, निगा आणि बदल

विजेच्या मोटरने वर गुंडाळले जाणारे आणि खाली सोडले जाणारे पत्र्याचे दार म्हणजे मोटरचे शटर. कोल्हापुरात ते राजारामपुरी, शाहूपुरी, महाद्वार रोडवरची दुकाने, शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या शेड आणि काही बंगल्यांच्या गॅरेजला दिसते. अमेरिकेतले गॅरेजचे दार वेगळे असते. ते आडव्या फळ्यांचे असून रुळांवरून छताखाली सरकते. ते विजेवर उघडणारे यंत्र तिथे सी. जी. जॉन्सन यांनी १९२६ साली केले. दोन्ही दारांचे दुखणे मात्र एकाच जागी सुरू होते, ते म्हणजे स्प्रिंग.

शटरच्या पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात. दुकानाच्या शटरला त्यांचा पत्रा साधारण ०.९ मिमी जाड असतो. तीन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच शटर तळपट्टीसह ८० किलोच्या आसपास भरते. एवढे वजन दुकानदार सकाळी एका हाताने वर सारतो, कारण रात्री शटर खाली ओढताना वरच्या पाइपावरच्या स्प्रिंगा पिळल्या जातात आणि तोच पीळ सकाळी भार उचलतो. पाइपावर मधोमध बसणारी मोटर या स्प्रिंगांच्या भरवशावरच चालते. शेडच्या मोठ्या शटरला बाजूला बसणारी, साखळी-चक्राची मोटर लावतात. तिथे बहुधा स्प्रिंग नसते आणि सगळा भार मोटरवर येतो. म्हणून ती ३००, ५००, ८०० किलो अशा क्षमतेने विकली जाते. घेताना शटरच्या वजनापेक्षा बरीच वरची क्षमता घ्यावी.

अमेरिकी गॅरेज दाराच्या यंत्राचे आयुष्य साधारण १० ते १५ वर्षे धरतात आणि तिथल्या नेहमीच्या स्प्रिंगचे १०,००० उघडझापी. रोज चार वेळा दार उघडले तर अशी स्प्रिंग सात वर्षांच्या आतच संपते. आपल्याकडे स्प्रिंग तुटेपर्यंत थांबायची रीत आहे आणि तीच मोटरच्या मुळावर येते. स्प्रिंग ढिली पडली की शटर जड होते, मोटर तापते आणि तिच्यातला उष्णतेचा कट-ऑफ ती बंद पाडतो. अर्ध्या तासाने मोटर पुन्हा चालते, म्हणून कोणी मनावर घेत नाही. असे महिनोन्‌महिने चालले की मोटरमधल्या तारेची गुंडाळी जळते, आणि नवी मोटर बसली तरी जुन्या स्प्रिंगमुळे तीही त्याच वाटेने जाते.

पारख सोपी आहे. वीज बंद करून मोटर हाताच्या चालीवर घ्यावी आणि शटर कमरेइतके उचलून सावकाश हात सोडावा. जागेवर राहिले तर स्प्रिंग ठीक. धाडकन खाली येऊ लागले तर मिस्त्रीला बोलवावे. मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही, तेव्हा बरेचदा कपॅसिटर, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणारा छोटा भाग, गेलेला असतो. तो स्वस्तात बदलतो. शटर वर जास्त गुंडाळले जात असेल किंवा खाली टेकायच्या आत थांबत असेल, तर लिमिट, म्हणजे शटर वर-खाली कुठे थांबायचे ते ठरवणारी खूण, सरकलेली असते. स्प्रिंगला मात्र घरच्या माणसाने हात लावू नये. पिळलेली स्प्रिंग सुटली तर हात मोडतो.

कोल्हापुरात शटरचा मोठा शत्रू पाणी आहे. जून ते सप्टेंबर तळपट्टी आणि खालच्या चार-पाच पट्ट्या ओल्याच राहतात आणि गंज तिथूनच वर चढतो. पट्ट्या बाजूने सरकवून काढता येत असल्यामुळे तेवढ्याच बदलता येतात. सगळे शटर भंगारात घालायची गरज नसते. महापुराची गोष्ट वेगळी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी भागातली दुकाने तेव्हा पाण्यात होती. २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. पूर ओसरल्यावर दोन्ही बाजूंच्या चॅनेलमधला, म्हणजे पट्ट्या ज्या खाचेतून वर-खाली सरकतात तिच्यातला, गाळ ओला असतानाच धुऊन काढावा. वाळला की तो पट्ट्यांना जखडतो. बुडालेला स्विच-बॉक्स वायरमनने तपासल्याशिवाय मेन चालू करू नये.

चॅनेलमध्ये जाड ग्रीस भरण्याची सवय चुकीची आहे. उद्यमनगरसारख्या भागात लोखंडाची धूळ त्यात बसते आणि तिचे घासकाम सुरू होते. चॅनेल कोरडे पुसून पातळ तेल किंवा सिलिकॉन स्प्रे मारावा. ग्रीसची जागा वर, बेअरिंग आणि साखळीवर आहे. पावसाळ्याच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या गर्दीआधी एकदा एवढी निगा पुरते.

मोटर बदलायची वेळ आलीच, तर स्प्रिंग आणि बेअरिंग त्याच दिवशी तपासून घ्यावे. वीज गेल्यावर हाताने चालवायची साखळी किंवा हँडल नसलेली मोटर दुकानाला घेऊ नये. अमेरिकेत १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती यंत्रांना वाटेत कोणी आले तर दार उलट फिरवणारा सेन्सर किंवा तशीच दुसरी सोय सक्तीची आहे. घरात लहान मुले असतील तर गॅरेजच्या शटरला असा सेन्सर आपणहून मागून घ्यावा, आणि बटण मुलांचा हात पोचणार नाही पण शटर समोर दिसेल अशा जागी बसवावे. पूररेषेतल्या गाळ्यात मोटरचा कंट्रोल बॉक्स २०१९ च्या पाण्याच्या खुणेपेक्षा वर घ्यावा. नवे वायरिंग होत असताना हे काम थोड्या जादा वायरमध्ये होते.