यातेंगा: दुष्काळाच्या आधीची गोष्ट

पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोच्या उत्तरेला, मालीच्या सीमेवर यातेंगा हा प्रांत आहे. मुख्य ठिकाण वाहिगुया. बातम्यांत त्याचं नाव येतं ते दुष्काळामुळे किंवा हिंसाचारामुळे. पण तिथल्या शेतीची दैना एकट्या पावसाच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

मुळात हे मोसी लोकांचं राज्य. नाबा कांगो या राजाने 1757 मध्ये वाहिगुया वसवलं. 1895 मध्ये फ्रेंच आले, पाठोपाठ कर आणि वेठबिगार आली. खरा घाव बसला 1932 मध्ये. फ्रान्सने अपर व्होल्टा (आजचा बुर्किना फासो) ही वसाहतच मोडून तिचे तुकडे शेजारच्या वसाहतींना वाटले, कारण आयव्हरी कोस्टच्या मळ्यांना मजूर हवे होते. यातेंगा गेला फ्रेंच सुदानकडे, म्हणजे आजच्या मालीकडे. तिथे नायजर नदीच्या कालव्यांवर कापूस आणि भात पिकवण्यासाठी इथली कुटुंबंच्या कुटुंबं नेऊन वसवली गेली. 1947 मध्ये वसाहत पुन्हा उभी राहिली, 1960 मध्ये देश स्वतंत्र झाला. पावसाळा सरला की तरुणांनी आयव्हरी कोस्टची वाट धरायची, हे मात्र सुरूच राहिलं.

पुढे 1968 ते 1973 चा दुष्काळ पडला. वस्ती दाट, जमीन पडीक ठेवायची सोय उरलेली नाही, वरची माती टणक होऊन पाणी मुरेना. बर्नार्ड लेदेआ वेद्राओगो यांनी 1967 पासूनच गावातल्या तरुणांच्या पारंपरिक मंडळांच्या पायावर ‘नाम’ नावाचे गट उभारायला घेतले होते. उन्हाळ्यातले हात गावातच राबावेत, हा त्यामागचा विचार. मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यातेंगातून सर्वात आधी गेली ती माणसं.

दगडी बांधांचं कामही असंच हातांवर चालणारं. दोन काठ्यांना पाणी भरलेली पारदर्शक नळी बांधायची, दोन्हीकडची पातळी जुळली की तिथे खूण करायची. अक्षरओळख नसलेले शेतकरीही यावरून समपातळी आखू लागले. त्या रेषेवर दगड रचले की पाणी थबकतं आणि गाळ अडतो.

गुर्गा गावचे याकुबा सावाडोगो यांनी झाई ही जुनी रीत सुधारली. भर उन्हाळ्यात वीतभर रुंदीचे खड्डे खणून त्यांत शेणखत टाकायचं. खताच्या ओढीने वाळवी येते, जमीन पोखरते आणि पहिला पाऊस आत मुरतो. त्यात ज्वारी-बाजरी पेरायची. (ही दोन्ही धान्यं आपल्याकडे आफ्रिकेतूनच आली. तिथे त्यांच्या पिठाची घट्ट उकड भेंडीच्या कालवणाशी खातात.) खड्ड्यांत उगवलेली झाडंही सावाडोगोंनी राखली आणि 60 हून अधिक जातींचं रान उभं केलं. सुरुवातीला लोकांनी त्यांना वेड्यात काढलं, रानाला आगही लावली. 2018 मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. डिसेंबर 2023 मध्ये ते गेले.

तोवर प्रांतावर नवं संकट आलं होतं. सशस्त्र जिहादी गटांच्या हल्ल्यांमुळे गावं उठली, विस्थापितांनी वाहिगुया गाठलं आणि कष्टाने सुधारलेली शेतं अनेकांना मागे टाकावी लागली.