टेराकोटा की काँक्रीट? खणायला निघण्याआधी

माइनक्राफ्ट या ब्लॉक रचून बांधकाम करायच्या गेममध्ये भिंतीसाठी रंगीत, सपाट ब्लॉक शोधू लागलं की टेराकोटा आणि काँक्रीट यांत हमखास गोंधळ होतो. दोन्ही 16 रंगांत मिळतात आणि दोन्ही पिकॅक्सनेच (कुदळीने) फोडायचे. पायऱ्या आणि स्लॅब (अर्ध्या उंचीचे ब्लॉक) मात्र दोन्हींपैकी कशाचेच बनत नाहीत.

रंगांचा फरक शेजारी ठेवल्यावर लगेच कळतो. काँक्रीट ठसठशीत: पांढरा म्हणजे पांढराशुभ्र, निळा म्हणजे निळाच. टेराकोटाच्या रंगांत भाजलेल्या मातीची झाक असते. त्याचा पांढरा गुलाबीसर, फिका निळा जांभळट, आणि सायन तर जवळजवळ करडा दिसतो. म्हणून नावावर भरवसा न ठेवता आधी एकेक ब्लॉक रंगवून बघावा, मगच भिंतीचं ठरवावं.

पण खरी तफावत आहे ती शोधाशोधीत. टेराकोटाचं माहेरघर म्हणजे बॅडलँड्स बायोम (गेममधला एक भूप्रदेश). तिथे डोंगरच्या डोंगर त्याचेच, थरांमध्ये साधा, नारिंगी, पिवळा, पांढरा, फिका करडा, तपकिरी आणि लाल. त्यातला साधा जास्तीत जास्त गोळा करा, कारण एकदा रंगलेला टेराकोटा पुन्हा रंगवता येत नाही. आठ साध्या ब्लॉकना एक डाय (रंग) पुरतो. हा बायोम दुर्मीळ आहे, पण सापडला तर एका फेरीत चेस्ट भरतात, वर सोन्याचे साठेही इथे इतर ठिकाणांहून अधिक.

बॅडलँड्स जवळ नसेल तर नदी किंवा दलदलीच्या तळाशी, नाहीतर लश केव्ह्ज या हिरव्यागार गुहांमध्ये चिकणमाती शोधायची. एक ब्लॉक फोडला की चार गोळे मिळतात. ते चार पुन्हा जोडून ब्लॉक करा आणि तो भट्टीत घाला. सुटा गोळा भाजला तर टेराकोटा होत नाही, वीट होते. म्हणजे 64 टेराकोटांसाठी 256 गोळे आणि 8 कोळसे. चिकणमातीही संपली? 2022 च्या 1.19 आवृत्तीपासून चिखलातून ती बनवता येते: एका ब्लॉकखाली टोकदार ड्रिपस्टोन (गुहेतला लोंबता दगडी सुळका) लटकवा, वर चिखल ठेवा, आणि पाणी निथळून चिकणमाती होईपर्यंत थांबा. ही सोय मला फार आवडते.

काँक्रीटसाठी असा एक बायोम हुडकावा लागत नाही. चार वाळू, चार ग्रॅव्हल (खडी) आणि एक डाय यांतून आठ काँक्रीट पावडर होतात. वाळू वाळवंटात नाहीतर समुद्रकिनारी भरपूर. ग्रॅव्हल गुहांत आणि समुद्राच्या तळाशी मिळते, पण ती फोडताना सुमारे दहात एकदा गारगोटीच हाती येते. सिल्क टचचं (ब्लॉक जसाच्या तसा मिळवून देणाऱ्या जादूचं) फावडं असेल तर हे नुकसान टळतं. पावडर वाळूसारखीच खाली कोसळते आणि पाण्याचा ब्लॉक लागला की घट्ट होते. पावसाने होत नाही. गेमच्या जावा आवृत्तीत एका हातात पावडर, दुसऱ्यात पिकॅक्स धरून पाण्याकाठी उभं राहिलं की ठेवणं-फोडणं झपाट्याने होतं.

ऐसपैस, झगझगीत आधुनिक इमारतीला मी काँक्रीटच घेईन. वाडा, मातीचं गाव किंवा जुना बुरूज असेल तर टेराकोटा. फक्त छप्पर कौलारू हवं असेल तर उताराला पायऱ्या लागतात, आणि त्या विटांच्या होतात. तेव्हा चिकणमातीचे थोडे गोळे तसेच सुटे भाजायला ठेवा.