जिताड्यासाठी रॉड-रील घेताना सुरुवात उलट्या टोकाकडून करा

मुंबईत हौसेने गळ टाकणाऱ्या नव्या मंडळींचं शिक्षण हल्ली यूट्यूबवर होतं, आणि तिथले गुरुजी बहुतेक अमेरिकन असतात. ते ज्या माशाबद्दल बोलतात तो लार्जमाउथ बास. गोड्या पाण्यातला, तळ्यातल्या गवतात आणि बुडलेल्या ओंडक्यांआड दबा धरून बसणारा. १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी पकडलेला बास १०.०९ किलोचा होता. २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांना मिळालेला बास त्याहून जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅमने जड भरला. नवा विक्रम मानायला एवढा फरक पुरत नाही, म्हणून दोघे बरोबरीत आहेत. म्हणजे जगातला सर्वांत मोठा लार्जमाउथसुद्धा दहा किलोचा.

आपल्या खाडीतला जिताडाही बासच म्हणवतो, एशियन सीबास. ऑस्ट्रेलियात त्यालाच बारामुंडी म्हणतात. पण तो वेगळ्या कुळातला आहे, साठेक किलोपर्यंत वाढू शकतो, आणि राहतो खाऱ्या-मचूळ, गढूळ, दिवसातून चारदा दिशा बदलणाऱ्या पाण्यात. दोघांत खरं साम्य आहे ते शिकारीच्या पद्धतीत. त्यामुळे तिकडची ल्युअर, म्हणजे खोटी आमिषं, इकडेही चालतात. रॉड म्हणजे गळाची काठी, दोरी, आणि रील म्हणजे ती दोरी गुंडाळायचं यंत्र, यांचा विचार मात्र नव्याने करावा लागतो, आणि तो दुकानात होतो त्याच्या उलट क्रमाने. दुकानात आधी रील दाखवतात, कारण ते चकचकीत असतं. निवड सुरू व्हायला हवी ती माशाच्या तोंडापासून.

जिताडा सावजाला चावत नाही, ओढून घेतो. जबडा आणि कल्ले एकदम फाकवले की तोंडाची पोकळी मोठी होते, आतला दाब कोसळतो आणि पाण्याबरोबर बोय किंवा कोळंबी आत खेचली जाते. सगळा प्रकार डोळ्याची पापणी लवायच्या आत आटोपतो. पृष्ठभागावर हे घडलं की ‘बुफ्’ असा पोकळ आवाज येतो. रात्री खाडीकाठी तो ऐकला की गळवाल्यांचे कान टवकारतात. या शोषणाचा जोर तोंडाच्या व्यासाएवढ्या अंतरापलीकडे झपाट्याने संपतो. म्हणून माशाला अगदी जवळ यावं लागतं, आणि त्यासाठी लपून बसावं लागतं.

तो कुठे बसतो हे पाणी ठरवतं. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. ठाणे खाडी असो की वसई खाडी, सुकती लागली की तिवरांतलं पाणी लहान लहान नाल्यांनी मुख्य खाडीत उतरतं आणि त्याबरोबर लहान मासळी बाहेर पडते. जिताडा त्या नाल्याच्या तोंडाशी किंवा पुलाच्या खांबामागे थांबतो. खांबामागे प्रवाह मंद असतो, त्यामुळे पोहण्याची ताकद खर्ची न घालता वाहत येणारा घास टिपता येतो.

भरतीची वेळ काढायचा आपला जुना आडाखा इथे कामी येतो: तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला सहा वाजता भरती, पौर्णिमेला सव्वाअकरा. आडाखा का चालतो? एका तिथीत चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकतो. ३६० अंशांना २४ तास, म्हणून १२ अंशांना ४८ मिनिटं. आडाख्यात ती ४५ धरली आहेत, म्हणजे दर तिथीला तीन मिनिटांची चूक. पंधराव्या तिथीला ती पाऊण तासावर जाते, आणि पौर्णिमेची भरती मुंबईत खरोखरच सव्वाअकरापेक्षा बाराच्या आसपास येते. भागाकारही न करता बांधलेल्या हिशेबाला एवढी चूक माफ आहे. उधाणात प्रवाह जोरदार आणि पाणी चिखलाने भरलेलं असतं. ल्युअर वापरणाऱ्याला भांगाच्या भरतीचे दिवस जास्त सोयीचे, कारण पाणी थोडं निवळलेलं असतं आणि हलकं ल्युअरही हवं तिथे टिकतं.

आता रंग. दुकानात ल्युअरचे पन्नास रंग टांगलेले असतात. ते माशांसाठी की गिऱ्हाइकांसाठी, हा प्रश्न विचारायला हरकत नाही. स्वच्छ समुद्रात लाल प्रकाश काही मीटरांतच शोषला जातो आणि निळा खोलवर पोचतो. खाडीत उलटं होतं: कुजलेल्या पाल्याचा रस आणि गाळ निळा प्रकाश आधी खातात, आणि जो काही थोडा उजेड खाली जातो तो पिवळसर-तांबूस असतो. लार्जमाउथवर इलिनॉय विद्यापीठात झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की त्या माशाला लाल आणि हिरवा नीट ओळखता येतात, पण पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत त्याचा गोंधळ होतो, तसाच काळा आणि गडद निळा यांतही. जिताड्याचे डोळे वेगळे आहेत. त्याच्या डोळ्यात दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो, म्हणून विजेरीच्या झोतात ते लालबुंद चमकतात. तुटपुंज्या उजेडात बघायची ती सोय आहे. अशा माशासाठी रंगाच्या छटेपेक्षा उठाव महत्त्वाचा. वर आकाश, खाली मासा, मध्ये ल्युअरची आकृती. संध्याकाळी काळं, दिवसा गढुळात पांढरं किंवा पोपटी, आणि पाणी निवळ असेल तर बोयसारखं रुपेरी. एवढ्यावर बरीच वर्षं निघतात.

गढूळ पाण्यात डोळ्यांइतकीच कामाला येते ती अंगावरची पार्श्वरेषा. कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत गेलेल्या या रेषेतल्या सूक्ष्म केसांसारख्या पेशी पाण्याची हालचाल टिपतात. त्यांना मंद, कमी कंपनसंख्येची थरथर कळते आणि तीही अंगाच्या एक-दोन लांबीच्या टप्प्यात. म्हणून ल्युअर कसं दिसतं याच्याइतकंच ते पाणी कसं हलवतं हे पाहावं. तोंडाला पारदर्शक जीभ असलेलं कडक ल्युअर ओढलं की पाणी त्या तिरप्या जिभेवर आदळतं आणि त्याला खाली ढकलतं. त्याच वेळी जिभेच्या दोन्ही कडांवरून आळीपाळीने भोवरे सुटतात आणि ल्युअर डावी-उजवीकडे डुलतं. जीभ लांब आणि आडवी असेल तर ते खोल जातं, आखूड आणि उभी असेल तर वरवर चालतं. फिनलंडच्या लौरी रापाला यांनी १९३६ साली बुचाच्या लाकडावर चॉकलेटचा चंदेरी कागद आणि वितळवलेल्या फोटोच्या निगेटिव्हचा लेप चढवून असं ल्युअर बनवलं. जखमी माशासारखं लडखडत पोहणं, एवढीच त्याची करामत होती, आणि आजही त्यात फारशी भर पडलेली नाही.

दुसरी जात मऊ प्लॅस्टिकची: शिशाच्या डोक्याचा गळ आणि त्यावर ओवलेला रबरी मासा, शेपटी वल्ह्यासारखी. माझा कल याच्याकडे. हे स्वस्त असतं, तिवराच्या मुळांत अडकून तुटलं तर जीव जळत नाही, आणि मऊ व हलकं असल्याने शोषणाच्या झोतात सहज आत जातं. डोक्याचं वजन प्रवाहावर ठरवायचं. ल्युअर अधूनमधून तळाला टेकत असेल तर वजन बरोबर. कधीच टेकत नसेल तर वाढवा, चिखलात रुतत असेल तर कमी करा. आपल्या खाड्यांत १५ ते ३० ग्रॅममध्ये बहुतेक काम भागतं.

ल्युअरचं वजन ठरलं की रॉड आपोआप ठरतो, कारण रॉड ही स्प्रिंग आहे. मागे नेताना ल्युअरच्या जडत्वामुळे तो वाकतो, ऊर्जा साठवतो आणि पुढे सोडतो. रॉडवर मुठीच्या वर ‘१०-३० ग्रॅम’ असं छापलेलं असतं ते याचसाठी. फार हलकं ल्युअर लावलं तर रॉड वाकतच नाही, फार जड लावलं तर सरळ व्हायला उशीर करतो. सात फुटांच्या आसपासचा, शेंड्याकडे वाकणारा पण शेंडा थोडा मऊ असलेला रॉड घ्यावा. शेंडा अगदी कडक असेल तर मासा तोंड उघडून पाणी ओढत असतानाच आपण ल्युअर त्याच्या तोंडासमोरून हिसकावून घेतो.

लांब रॉड म्हणजे जास्त ताकद, हा समज मात्र सोडून द्यावा. रॉडच्या बुंध्यापासून ४० सेंटीमीटरवर आपला हात आणि दोन मीटरवर शेंडा, असं धरा. दोरीला दोन किलोचा ताण असेल तर हाताला दहा किलोचा जोर लावावा लागतो. तरफ माशाच्या बाजूने काम करते! रॉड वाकला की शेंड्याचं आडवं अंतर कमी होतं. ते १.२ मीटरवर आलं की हातावर सहाच किलो येतात. वाकणाऱ्या रॉडने मोठा मासा दमवता येतो तो यामुळे.

आजचे बहुतेक रॉड कार्बन तंतूंचे असतात: हलके, ताठ, आणि विजेचे उत्तम वाहक. पावसाळ्यात ढग गडगडायला लागले की रॉड खाली ठेवून काठावरून निघावं, आणि उच्चदाबाच्या तारांखाली तो कधीही उभा धरू नये. काचतंतूंचा रॉड जड असतो पण दगडावर आपटला तरी सहसा तग धरतो. नवशिक्याला तो वाईट नाही.

दोरीत दोन घराणी. एक आपलं ओळखीचं तंगूस, म्हणजे नायलॉनचा एकेरी धागा. तो ताणला की लांबीच्या वीसेक टक्क्यांपर्यंत लांबतो, पाणी पितो आणि ओला झाल्यावर थोडा कमजोर होतो. दुसरी ब्रेड, अतिलांब रेणूंच्या पॉलिथिनची विणलेली दोरी. तेवढ्याच ताकदीला तिची जाडी साधारण निम्मी. जाडी निम्मी म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ चौथाई, म्हणून त्याच रीलवर चौपट लांबी बसते. खाडीत याहून मोठा फायदा असा की प्रवाह बारीक दोरीला कमी ढकलतो. जाड दोरीला पाण्यात मोठा बाक येतो आणि मासा ल्युअर पकडतो तेव्हा आपल्याला काही कळतच नाही.

पण ब्रेड खरवडली की लगेच तुटते. पुलाच्या खांबांवर कालवं असतात, त्यांची धार सुरीसारखी. शिवाय जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कडाही दोरी कापते. म्हणून ब्रेडच्या टोकाला हात-दीड हाताचा लीडर, म्हणजे जाड एकेरी धाग्याचा तुकडा, बांधतात. फ्लुओरोकार्बनचा लीडर महाग मिळतो, कारण त्याचा अपवर्तनांक १.४२, पाण्याच्या १.३३ च्या जवळ, आणि नायलॉनचा १.५३. तो पाण्यात कमी दिसतो हे खरंच. पण जिथे आपला हात कोपरापर्यंत घातला तर बोटं दिसत नाहीत, त्या पाण्यात अदृश्यतेला पैसे का मोजायचे? १८ ते २५ किलो ताकदीचं जाड तंगूस पुरतं. दर मासा लागल्यावर ते बोटांनी चाचपायचं आणि खडबडीत लागलं की तेवढा भाग कापून पुन्हा गाठ मारायची. कापलेला तुकडा खिशात घालावा. तिवरात अडकलेलं तंगूस बगळ्यांच्या पायांत गुंततं आणि वर्षानुवर्षं कुजत नाही.

आणि शेवटी रील. अमेरिकन बासवाल्यांचं लाडकं बेटकास्टिंग रील असं, की ल्युअर फेकताना त्याची दोरी गुंडाळलेली चकरी स्वतः गरगर फिरते. ल्युअर हवेत मंदावतं, पण जडत्वामुळे चकरी त्याच वेगाने दोरी सोडत राहते, आणि क्षणात तिथे गुंताडा होतो. त्यावर चुंबकी ब्रेक असतात: फिरत्या धातूत चुंबकामुळे भोवरी प्रवाह तयार होतात आणि ते फिरण्याला विरोध करतात, वेग जास्त तेवढा विरोध जास्त. कल्पना सुंदर आहे, पण समोरून खारा वारा येत असेल तर ल्युअर हवेतच अडखळतं आणि अंगठ्याला सवय नसेल तर ब्रेकही अपुरा पडतो.

स्पिनिंग रीलमध्ये चकरी फिरतच नाही; दोरी तिच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटते. हिचा उगम गिरणगावातल्या माणसाला लगेच कळावा. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे लोकर गिरणीवाले आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी सूतकताईच्या बाबिनवरून सूत कसं सुटतं ते पाहून १९०५ साली या रीलचं पेटंट घेतलं. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा लाखो बाबिनी फिरत होत्या. खाडीसाठी मी हेच रील सुचवेन, ३००० ते ४००० आकाराचं. मात्र हा आकडा सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो, तेव्हा हातात घेऊन, रॉडला लावून बघावं.

रीलवर ‘५.२:१’ असं लिहिलेलं असतं: मूठ एकदा फिरवली की दोरी गुंडाळणारा भाग ५.२ वेळा फिरतो. चकरीचा व्यास साडेचार सेंटीमीटर असेल तर एका फेऱ्यात सुमारे ७३ सेंटीमीटर दोरी येते. जिताड्याला मंद चाल आवडते, त्यामुळे याहून वेगवान रीलची घाई नाही.

पैसे घालायचे ते ड्रॅगमध्ये. ड्रॅग म्हणजे चकरीखालच्या चकत्यांचं घर्षण. ठरावीक ताणापलीकडे ते दोरी सोडतं. स्थिर घर्षण सहसा चल घर्षणापेक्षा जास्त असतं, म्हणून स्वस्त ड्रॅग सुटताना झटका देतो आणि त्याच झटक्याला गाठ तुटते. दुकानात दोरी हळू ओढून बघा. ती अडखळत सुटली तर रील परत ठेवा. दोरीच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाई ताणावर ड्रॅग लावतात, म्हणजे नऊ किलोच्या दोरीला सव्वादोन ते तीन किलो. हे बोटांच्या अंदाजाने न करता सामान तोलायच्या हुकाच्या काट्याला दोरी अडकवून मोजावं. मासा दोरी घेऊन पळाला की चकरीवरचा वेढा लहान होतो, तरफेचा हात आखडतो आणि तोच ड्रॅग जास्त ताण देऊ लागतो. त्रिज्या निम्मी झाली तर ताण दुप्पट. तीन किलोवर लावलेला ड्रॅग तेव्हा सहा किलोंचा झालेला असतो, म्हणून मासा लांब गेल्यावर ड्रॅग आवळायचा नाही, सैल करायचा.

मिठाचं पाणी रीलला खातं. घरी आल्यावर ड्रॅग पूर्ण आवळून, नळाच्या बारीक धारेखाली रील धुवावं. जोरदार फवारा मारला तर मीठ बेअरिंगमध्ये आत जातं. पुसून सावलीत वाळवल्यावर ड्रॅग सैल करून ठेवावा, म्हणजे चकत्या एकमेकींना चिकटून बसत नाहीत.